सगळ्यांबरोबर हसण्याची अट

कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकले की आधी वास येई आणि मागोमाग आवाज. वास खळीचा, रंगात भिजून वाळत घातलेल्या सुताचा, यंत्रांच्या तेलाचा. आवाज मात्र एकच, आणि तो बाकीचे सगळे आवाज गिळून टाकणारा. सोलापूरच्या पूर्व भागात सत्तरच्या दशकात ज्यांनी चादरींच्या कारखान्यांत दिवस काढले, त्यांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली, वृत्तांवर आणि यमकांवर पोसलेली मुलगी. टंकलेखिकेच्या नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी मी त्या खटखटाटात कितीतरी वेळ लय शोधत उभी राहिले. लय सापडली, पण तोवर कामावर देखरेख करणारे मास्तर माझ्या कानाशी येऊन काहीतरी ओरडत होते आणि त्यातले एक अक्षरही मला कळले नव्हते.

तिथे कुणाचेच कुणाला ऐकू येत नसे. म्हणून सगळे हातांनी बोलत.

कार्यालय आणि माग यांच्या मधोमध कांडीखाते होते. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची कांडी तिथे भरली जाई. कांड्या वेळेवर गेल्या नाहीत की माग उपाशी उभे राहत आणि विणकर दारात येऊन हात नाचवू लागत. त्या खात्यात सगळ्या बायाच. त्यांची बोटे इतकी भराभर बोलत की पहिले काही महिने मला ती रानपाखरांच्या थव्यासारखी वाटत. सुंदर, पण अर्थ हाती लागू न देणारी. सूत तुटले, रंग बदला, चहा आला, सासू आली आहे, आज पाय दुखतो आहे, हे सगळे मनगटाच्या एका वळणात मावे. प्रत्येकाला हाताचे वेगळे नावही असे. माझे नाव म्हणजे नाकावरचा चष्मा बोटाने वर सरकवणे. मालकांचे नाव जिभेने गाल आतून फुगवून घेतले जाई, कारण त्यांच्या गालात सदैव पान असे. हे नाव अर्थातच त्यांच्या पाठीमागे घ्यायचे.

आणि हनुवटीखाली दोन बोटांनी, तुटलेले सूत जोडतात तशी, चटकन गाठ मारली की ती आक्का.

आक्काला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, शेजारी दखनी, बाजारात मराठी. यांतली एकही भाषा तिच्या कानांवर कधी पडली नव्हती, पण तिन्ही भाषांच्या बाया कांडीखात्यात तिच्याशी एकाच भाषेत बोलत. कारखान्याबाहेर ज्या गोष्टीमुळे ती बाजूला पडे, ती गोष्ट फाटकाच्या आत सगळ्यांना सारखीच लागू होती. उलट बाकीच्यांनी ही भाषा पोटासाठी उचलली होती. आक्काला ती आईच्या दुधाबरोबर मिळाली होती. नव्या मुलींचे हात अडखळले की ती डोळे फिरवून अशी काही नक्कल करी की अख्खे खाते हसे. गरीब बिचारी वगैरे ती मुळीच नव्हती. अबोलीच्या गजऱ्याशिवाय कामावर येत नसे, आपली स्तुती आवडीने पाहत असे आणि राग आला तर समोरच्याला पाठ दाखवून संभाषण मिटवून टाकत असे. पाठीशी कोण भांडणार?

मला ही भाषा तिनेच शिकवली. दुपारच्या सुट्टीत सुताच्या गठ्ठ्यांवर बसून, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाता खाता. माझ्या बोटांना ती हसायची. माझे हात फार सभ्य होते म्हणे. गरम चहा सांगताना त्यांना चटकाच बसत नसे.

त्या वर्षी पावसाळा सरताना कांडीखात्याची म्हातारी मुकादम काम सोडून मुलाकडे होटगीला निघून गेली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारी बाई ती. म्हणून कमरेवर दोनदा थाप मारली की आमच्यात मुकादम असा अर्थ होई. आता ती थाप कुणाच्या नावापुढे मारायची, या प्रश्नाने खाते पेटले. खरे तर प्रश्न नव्हताच. ज्या दिवशी आक्का खात्यात असे त्या दिवशी एकही माग कांडीवाचून थांबत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होते. खात्यातल्या निम्म्याशिम्म्या बाया तिच्याच हाताखाली तयार झाल्या होत्या. पण मास्तरांना ते पटत नव्हते. कार्यालयात मालकांसमोर ते आढेवेढे घेत होते, आणि मी टंकयंत्रावर हात ठेवून कान देऊन बसले होते.

"साहेब, काम चांगलं आहे तिचं, नाही म्हणत नाही," मास्तर म्हणाले. "पण मुकादम म्हणजे बायांची भांडणं ऐकावी लागतात. ती कशी ऐकणार?"

दारात मावशी उभी होती. पूर्वीच्या एका दुष्काळात माढ्याकडून शहरात आलेली, कांडीखात्यातली सगळ्यांत जुनी बाई. तिला कुणी बोलावले नव्हते, पण त्यावाचून तिचे कधी अडले नाही.

"भांडान ऐकून कुनाचं भलं झालंय, मास्तर?" ती म्हणाली. "बगितलं की पुरं. आन् तिला ऐकू येत न्हाय म्हनता, हितं कुनाला येतंय? तुमाला तरी येतंय का? काल मी धा हाका मारल्या, तुमी आपलं सरळ चालत सुटला."

मालकांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि खळखळून हसले. ते स्वतः एके काळी दुसऱ्याच्या मागावर बसलेले विणकर. तेलुगू वळणाचे त्यांचे मराठी नेहमी थोडे गाण्यासारखे वाटे.

"ठरलं की हो," ते म्हणाले. "मुकादम तीच. आणि असं गुपचूप नाही करायचं. खंडेनवमीला, मशीनच्या पूजेला, सगळ्यांसमोर सत्कार. हार, नारळ, लुगडं, भाषण. बाई, भाषण तुम्ही लिहा. एकदम झकास. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे!"

मी हरखून गेले. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे पत्राच्या मसुद्याखेरीज काही मागितले होते. घरी जाऊन मी एका बैठकीत भाषण लिहिले. सूत आणि सूर, धागा आणि जागा, मौन आणि मान. शब्दांना शब्द असे गुंफले की वाचताना मलाच गुदगुल्या होत. "नियतीने हिचे कान नेले, पण हातांत गान ठेवले" हे वाक्य तर मी आरशासमोर तीनतीनदा म्हणून पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते आक्काला सांगायला गेले. मावशीने आधीच सगळी बातमी फोडली होती, त्यामुळे आक्काचा चेहरा उजळलेला होता. नवे लुगडे कोणत्या रंगाचे असावे यावर ती बायांशी वाद घालत होती. मग मी कागद काढला आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"कोण बोलणार?" तिने हातांनी विचारले.

मी गाल फुगवला.

"तोंडानं?"

मी मान डोलावली. मशीन बंद असणार, म्हणजे तोंडानेच.

तिने भाकरी बाजूला ठेवली. पुढे तिचे हात जे बोलले ते मी आजही जसेच्या तसे पाहू शकते, कारण नेहमीची मस्करी त्यांत नव्हती. खंडेनवमीला ती प्रसाद घेऊन लगेच निघून जाते, हे आम्ही कधी पाहिले होते का? का जाते, हे कुणी विचारले होते का? वर्षातून त्या एका दिवशी मशीन थांबतात आणि सगळ्यांना तोंडे फुटतात. वर्षभर हातांनी बोलणाऱ्या बाया हात पदराखाली घेतात. सगळे हसतात. ती विचारते, काय झाले? कुणीतरी हात झटकून म्हणते, काही नाही, मग सांगते. बहिणीच्या लग्नात तेच. भावाच्या पोराच्या बारशाला तेच. ते 'मग' कधी आलेलेच नाही.

"माझा सत्कार," ती म्हणाली, "आणि मला मग कळणार?"

मी काही म्हणणार इतक्यात तिने माझे मनगट धरून खाली केले. तिचे बोलून व्हायचे होते.

"सगळे हसतील तेव्हा मी हसणार. सगळ्यांना कळेल तेव्हा मला कळणार. तसं होणार असेल तर मी खुर्चीवर बसते. नाहीतर मुकादमी दुसरीला द्या. मी सुखात कांड्या भरीन."

मावशी माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "आली का पंचाईत! आन् ही सोडनारी न्हाय हां. लई हट्टी हाय."

पण पंचाईत वाटण्याऐवजी माझ्या अंगातून वीज गेल्यासारखे झाले. किती साधी गोष्ट होती! आणि किती नवी! मी मालकांकडे अट नेली. त्यांनी कपाळाला हात लावला, थोडे हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे की तिचं. मग बसवा सगळं नीट. मी जे बोलेन ते मावशी हातांनी सांगेल. तिच्याइतके जलद हात कुणाचे नाहीत."

तेव्हापासून खंडेनवमीपर्यंतच्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चैतन्याच्या दुपारी होत्या. रंगीत सुताच्या गठ्ठ्यांमध्ये आम्ही तिघी बसत असू. मी एक वाक्य वाची, मावशी ते हातांनी म्हणे आणि आक्का न्यायाधीशासारखी पाहत राही. माझे भाषण वाऱ्यावर कापूस उडावा तसे उडून गेले. धागा आणि जागा यांचे यमक हातांत उतरलेच नाही. सूत आणि सूर यांचे मावशीने काय केले ते देव जाणे, आक्का पोट धरून हसत सुटली. "कारखान्याचे भूषण" हे शब्द आले तेव्हा मावशीने भूषण म्हणून नाकापाशी नथ दाखवली.

"मी कारखान्याची नथ?" आक्काने विचारले. "मग गाल फुगवणारा माझा नवरा का?"

वाक्य गेले. मग माझे लाडके वाक्य आले. नियतीने कान नेले, हातांत गान ठेवले. मावशीने ते जमेल तसे सांगितले. आक्का या वेळी हसली नाही. तिने विचारले, हे कुणी पाहिले? कान कुणी नेले नाहीत, ते कधी आलेच नव्हते. आणि हात कुणी फुकट ठेवले नाहीत. आईने मारून मारून गाठ शिकवली. "आईचं नाव घाला," तिने सांगितले. "नियती कोण बाई?"

मी पेन्सिलीने ते वाक्य खोडले आणि मला अतोनात आनंद झाला. कवितेचा अर्थ कानात असतो असे मला शिकवले गेले होते. इथे एक बाई मला दाखवत होती की जे डोळ्यांना दिसत नाही ते वाक्य नुसते वाजते. हळूहळू भाषण नव्याने उभे राहिले. त्यात घाम कपाळावरून पुसला जात होता, तुटलेला धागा डोळ्यांदेखत जुळत होता, उपाशी माग पोटभर कांड्या खात होते, नवी मुलगी रडत येत होती आणि महिन्याभरात मान वर करून काम करत होती. प्रत्येक गोष्ट खरी, आक्काने केलेली. मी त्याहून चांगले काही लिहिले आहे असे मला अजूनही वाटत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी कारखाना ओळखू येत नव्हता. मशीन धुऊन पुसून त्यांना हळदीकुंकू लागले होते, मागामागावर झेंडूच्या माळा, दारांना आंब्याची पाने. खळीच्या वासावर उदबत्तीचा धूर चढला होता. आणि शांतता! तिची सवयच नसल्याने कानांत ती दडे बसल्यासारखी भरून राहिली होती. छपरातल्या चिमण्या एरवी ऐकूच येत नसत. त्या दिवशी कळले की त्या किती भांडखोर आहेत.

फाटकापाशी मात्र एक टांगा उभा होता आणि त्यातून लाउडस्पीकरचा भला मोठा कर्णा उतरवला जात होता.

"मालक," मी म्हणाले, "हा कशाला?"

"कशाला म्हणजे? तिच्यासाठी खास आणला!" मालक उत्साहाने म्हणाले. पांढरे शुभ्र धोतर, गालात ताजे पान. "सत्कार आहे तिचा. कर्ण्याशिवाय मान कसला?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांना उमगले. त्यांनी एकदा कर्ण्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि तोंडातले पान सांभाळत असे हसले की टांगेवालाही हसू लागला. "राहू द्या आता," ते म्हणाले. "मागच्या लोकांना उपयोग होईल."

कांडीखात्यातच लाकडी फळ्यांचा मंच केला होता. आक्का हिरवे लुगडे नेसून खुर्चीवर बसली होती, गळ्यात झेंडूचा हार, केसांत अबोली. तिच्या समोर, मंचाच्या कडेला, मावशी उभी. नवा पदर खोचलेला, हात धुऊन स्वच्छ केलेले, जणू त्यांनाही आज पूजेला बसायचे होते. खाली विणकर, बाया, मुलेबाळे. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे; त्यांत एका बँकेचे साहेब माझ्या शेजारीच बसले होते.

मालक बोलू लागले, कर्णा घुमू लागला आणि मावशीचे हात उडू लागले. मी फक्त आक्काकडे बघत होते. घाम पुसला गेला, तिने मान डोलावली. माग पोटभर जेवले, खाली विणकर हसले आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, आक्का हसली. आईचे नाव आले तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला; एकही शब्द चुकवायचा नव्हता तिला. जमत होते! सगळे जमत होते!

आणि मालकांना रंग चढला. त्यांनी माझा कागद घडी करून खिशात ठेवला.

"आता एक गंमत सांगतो," ते म्हणाले. "लिहिलेली नाही, मनातली आहे. एकदा लाल कांड्यांत केशरी कांडी गेली म्हणून मी हिच्यावर रागावलो. असा तापलो, असा तापलो की काय सांगू! मशीन थांबलं होतं, हातबित विसरून तोंडानंच सुरू झालो. बोलतोय, बोलतोय. शेवटी बघतो तर काय, बाईंनी डोळे मिटलेले! माझा सगळा राग गेला वाऱ्यावर. तुम्हाला कान बंद करता येतात का हो? हिला येतात!"

हशाचा असा लोट आला की चिमण्या छपरातून उडाल्या. आक्काने मावशीकडे पाहिले.

मावशीचे हात हवेत थांबले होते.

मला तिचा चेहरा दिसत होता. आपल्या आक्काच्या मानाच्या दिवशी, भर सभेत, तिच्या कानांवरून थट्टा? ती हातांनी तिला सांगायची? मावशीने ओठ घट्ट मिटले, हात हळूच झटकला आणि बोटे हलवली: काही नाही, मग सांगते.

आक्का उठली. रागाने नव्हे, अगदी शांतपणे. तिने गळ्यातला हार काढला, शेजारच्या मशीनला घातला आणि मंचावरून उतरून दाराकडे चालू लागली. माणसे बाजूला सरत होती. हशा मावळला. कर्ण्यातून नुसती घरघर ऐकू येत होती.

"काय झालं? काय झालं हो?" मालक गोंधळले.

मावशी रडकुंडीला आली होती. "तुमी लिवल्यालं सोडून भलतंच बोलला की, मालक! आसलं कसं सांगू मी तिला? तिच्या मानाच्या दिवशी?"

"असलं म्हणजे कसलं? खरं तेच बोललो."

"खरं आसंल. पर तिला वाईट वाटंल की."

"आणि आता बरं वाटलंय का?" मालक म्हणाले.

त्यांनी लाउडस्पीकर बंद करायची खूण केली, धोतराचा सोगा सावरला आणि मंचावरून खाली उडी मारली. त्या वयात, त्या देहाने. गर्दीतून वाट काढत ते दारापाशी पोचले आणि आक्काच्या पुढे जाऊन उभे राहिले. तिने पाठ फिरवायच्या आत त्यांनी हात वर केले.

कितीतरी वर्षांनी ते हातांनी बोलत असावेत. बोटे गंजली होती, पण जुन्या विणकराची होती. त्यांनी लाल कांडी दाखवली. केशरी दाखवली. मग स्वतःचा राग दाखवला: नाकपुड्या फुगवल्या, मुठी आपटल्या, तोंड गदागदा हलवले. आणि एकदम, तिची हुबेहूब नक्कल करत, हाताची घडी घातली, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

मालक डोळे मिटूनच उभे होते. उघडायला त्यांना धीर होत नसावा.

आक्का हसली. तिचे हसणे तिने स्वतः कधी ऐकलेले नव्हते, त्यामुळे त्याला मोजमाप नव्हते. खडबडीत, उंच, छातीच्या तळातून फुटलेले. ते ऐकून मालकांनी डोळे उघडले. आणि तिचे हात सुरू झाले.

तिने सगळ्यांदेखत जिभेने गाल फुगवला. बाया दचकल्या, मालकांचे ते नाव त्यांच्या तोंडासमोर कुणी घेतले नव्हते. मग तिने त्यांच्या तोंडाकडे बोट दाखवले, बोटांनी तिथून बारीक बारीक तुषार उडवले, ते स्वतःच्या गालांवर, कपाळावर, पापण्यांवर घेतले, पदराने चेहरा पुसला आणि डोळे गच्च मिटले.

मालक थिजले. आपल्याच गालाला त्यांनी हात लावला. मग ते इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. विणकरांनी टोप्या उडवल्या, बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. सगळा कारखाना हसत होता. फक्त पुढच्या खुर्च्या गप्प होत्या.

बँकेचे साहेब माझ्याकडे झुकले. "काय म्हणाल्या त्या? काय झालं?"

मी त्यांना सगळे सांगितले, एकही तपशील न गाळता. "रागावताना तुमच्या पानाची थुंकी माझ्या तोंडावर उडत होती, म्हणून डोळे मिटले, असं म्हणाल्या." साहेब हसले, मनापासून हसले, पण तोवर बाकीचे हसून दमले होते, आणि त्या शांततेत त्यांचे एकट्याचे हसणे ऐकून त्यांचे त्यांनाच ओशाळल्यासारखे झाले.

आक्का मंचाकडे परतताना मावशीपाशी थांबली. मावशीने मान खाली घातली होती. आक्काने तिची हनुवटी वर केली.

"माझं ओझं मला उचलू दे," ती हातांनी म्हणाली. "हलकं करून देऊ नको."

मावशीने मशीनवरचा हार काढला, फुले नीट केली आणि पुन्हा तिच्या गळ्यात घातला.

भाषण पुढे चालले. या वेळी कर्ण्याशिवाय. मालक एक वाक्य बोलत, मावशी हातांनी सांगे आणि तिचे हात थांबेपर्यंत मालक थांबत. त्यामुळे सगळे संथ झाले, पण कुणालाही घाई उरली नव्हती. मागच्यांना बोलणे ऐकू येत नव्हते. ते सरळ मावशीच्या हातांकडे बघत होते. चणे आणि खोबरे परातींत तसेच पडून होते. स्तुती आली की आक्का मान वर करी, आणि एखादी गोष्ट जास्तच गोड झाली की बोटाने थांबवून दुरुस्ती सुचवी. मालक ती दुरुस्ती पुन्हा मोठ्याने सांगत.

शेवटी मुकादमीचे वाक्य आले. मालकांनी ते स्वतःच्याच हातांनी म्हटले. हनुवटीखाली गाठ. कमरेवर दोनदा थाप.

आक्काने तर्जनी गोल फिरवली. पुन्हा.

मालकांनी पुन्हा म्हटले. गाठ. थाप, थाप. तिने डोळे बारीक करून, एखादे गोड फळ चाखावे तसे ते पाहिले. मग तिची नजर कडेला उभ्या असलेल्या मास्तरांकडे वळली, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या मागोमाग वळल्या. तिने पुन्हा तर्जनी फिरवली.

मास्तर लाल झाले. मग त्यांनाही हसू आले. शिटी आणि इशाऱ्यांवर दिवस काढलेल्या त्या माणसाने कधी कुणाचे हाताचे नाव घेतले नव्हते. त्यांनी हात वर नेला आणि गाठ मारली; पण हनुवटीखाली न मारता कानापाशी मारली.

बाया खिदळल्या. आक्का हसली नाही. ती खुर्चीवरून उठली, मास्तरांचे मनगट धरले, ते कानापासून खाली आणून हनुवटीखाली नीट बसवले, त्यांची दोन बोटे जुळवून दिली आणि एक पाऊल मागे सरून, नव्या मुलीकडे बघावे तसे, वाट बघत उभी राहिली.